मनोविकाराच्या कारणाने झालेली सैनिकी सेवामुक्ती व तिचे पुनर्विलोकन

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक अधिवेशनात दिलेले व्याख्यान)



आपल्या ज्ञातीतील किती घरांतून मुले सैन्यात गेली आहेत, हे या मंडपात नुसती नजर फिरविली तरी ध्यानात येते. सुट्टीवर आलेल्या जवानांचा व निवृत्त सुभेदारांचा या व्यासपीठावर दरवर्षी सत्कार होतो, आणि तो व्हावयासच हवा. परंतु सैन्यातून परतलेल्या सर्वांचीच नावे त्या यादीत येत नाहीत. काही मुले मुदतीपूर्वीच परत येतात, रात्रीच्या एस.टी.ने येतात, आणि कोणी विचारलेच तर 'नोकरी मानवली नाही' एवढेच घरचे लोक सांगतात. त्यांच्याजवळच्या कागदावर कोणत्या तरी मनोविकाराचे इंग्रजी नाव लिहिलेले असते. कार्यकारिणीने आम्हांस विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा आम्ही या मुलांचा विषय निवडला. आम्ही वैद्य नाही, वकीलही नाही. मॅट्रिकपर्यंत शिकून मुलांना मराठी व इतिहास शिकविण्यात हयात घालविलेले शिक्षक आहोत. पण खेड्यात अर्ज लिहून घ्यावयास लोक शिक्षकाकडेच येतात. असे अर्ज लिहिताना जे वाचावे लागले, तेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम ही सेवामुक्ती होते कशी, ते पाहू. सैनिकाच्या प्रकृतीची नोंद पाच इंग्रजी अक्षरांनी होते व ती मिळून 'शेप' असा शब्द बनतो. पहिले अक्षर मनाचे, मग श्रवण, हातपाय, शरीरसामर्थ्य आणि शेवटी दृष्टी. प्रत्येक अक्षरापुढे एक ते पाच यांपैकी आकडा असतो. एक म्हणजे निर्दोष, पाच म्हणजे सेवेस कायमचा अपात्र. सैन्याने मनाला पहिले स्थान दिले आहे. आपण घरी ते शेवटचेही देत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो. जवानाच्या वागण्यात बिघाड दिसला म्हणजे त्याचा कमान अधिकारी दहा क्रमांकाच्या वैद्यकीय नमुन्यावर त्याच्या वर्तनाचा अहवाल लिहितो. मग लष्करी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ त्यास निरीक्षणाखाली ठेवतो, औषधोपचार होतात, आणि गुण न आल्यास वैद्यकीय मंडळ बसते. मंडळाचे सारे कामकाज सोळा क्रमांकाच्या नमुन्यावर लिहिले जाते. १९५४च्या सैन्य नियमांतील तेराव्या नियमाप्रमाणे प्रकृतीच्या कारणास्तव जवानास काढावयाचे, तर असे मंडळ बसविणे आवश्यक आहे. ते न बसविता केवळ कनिष्ठ वैद्यकीय श्रेणीचे कारण दाखवून काढणे बेकायदेशीर होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला.

आता मुख्य मुद्दा. या सोळा क्रमांकाच्या कागदावर दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे असतात आणि आपली माणसे ती दोन्ही एकच समजतात. पहिला प्रश्न असा, की या माणसास हा विकार खरोखर होता काय, आणि तो सेवेस अपात्र ठरण्याइतका होता काय? दुसरा प्रश्न असा, की विकार होता हे धरून चालले तरी तो सेवेमुळे उद्भवला काय, किंवा सेवेमुळे बळावला काय? पहिल्याचे उत्तर चुकले असेल, तर सेवामुक्तीच वादग्रस्त ठरते. पहिल्याचे उत्तर बरोबर असून दुसऱ्याचे चुकले असेल, तर सेवामुक्ती कायम राहते, पण अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचा हक्क उभा राहतो. 'आमचा मुलगा वेडा नाही हो' एवढेच वाक्य घेऊन जे वडील कचेऱ्यांचे उंबरे झिजवितात, ते पहिल्या प्रश्नावर भांडत राहतात. आणि पुष्कळ वेळा जिंकता येण्याजोगा प्रश्न दुसरा असतो.

दुसऱ्या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर देताना मंडळ 'सेवेमुळे उद्भवला नाही व बळावलाही नाही' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द लिहिते. त्यांच्या आद्याक्षरांचा उच्चार 'नाना' असा होतो आणि सैन्यात तो रूढ आहे. आपल्याकडे नाना म्हणजे घरातले वडीलधारे. हे नाना मात्र घरी आले की चूल विझते. कारण साध्या शिपायास सेवेचे निवृत्तिवेतन मिळण्यास पंधरा वर्षांची नोकरी लागते. सहाव्या-सातव्या वर्षी परत पाठविलेल्या मुलास ते मिळत नाही, आणि 'नाना' लिहिले म्हणजे अपंगत्वाचेही बंद.

परंतु नियम काय सांगतात ते पाहा. १९८२ सालच्या हक्कविषयक नियमांत असे म्हटले होते, की भरतीच्या वेळी दोष नोंदलेला नसेल तर सैनिक शरीराने व मनाने निरोगी होता असे गृहीत धरावे; पुढे प्रकृतीच्या कारणाने तो बाहेर पडला तर बिघाड सेवेमुळे झाला असे मानावे; पुराव्याचा भार त्याच्यावर टाकू नये आणि वाजवी संशयाचा फायदा त्यास द्यावा. रोग भरतीच्या तपासणीत ओळखू येण्याजोगा नव्हता असे मंडळास म्हणावयाचे असेल, तर त्याने कारणे लिहिली पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये अपस्माराने आजारी पडलेल्या एका सैनिकाच्या खटल्यात याच नियमांचा आधार घेऊन त्याच्या बाजूने निकाल दिला. पुढे २००८ मध्ये व २०२३ मध्ये नवे नियम आले आणि ही गृहीतके पूर्वीइतकी उदार राहिली नाहीत. म्हणून मुलगा कोणत्या तारखेस सेवेतून बाहेर पडला, हे सर्वांआधी पाहावे. त्यावरून कोणते नियम लागू ते ठरते.

आमच्या विषयाशी थेट संबंध असलेला खटला त्याच वर्षीचा, म्हणजे २०१३चा आहे. सिग्नल्स दलातील एक शिपाई १९७२ साली भरती झाला आणि १९७७ साली 'स्किझोफ्रेनिक रिअॅक्शन' या निदानावर त्यास घरी पाठविण्यात आले. निदानाची फेरतपासणी करा अशी त्याची मागणी न्यायाधिकरणाने विचारात घेतली नाही, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तज्ज्ञांच्या मतात न्यायालये सहसा हात घालीत नाहीत, हे न्यायमूर्तींनी मान्य केले. परंतु ते मत तपासताच येत नाही असे मात्र नाही, असे ते म्हणाले. आणि मग त्यांनी काय केले? त्यांनी शब्दकोश उघडला, वैद्यकीय न्यायशास्त्राचे ग्रंथ उघडले, स्किझोफ्रेनिया म्हणजे काय ते वाचले आणि ते वर्णन मंडळापुढील टिपणाशी ताडून पाहिले. शिक्षकी पेशातल्या माणसास हे वाचून किती संतोष झाला असेल याची कल्पना आपण करावी. टिपणात त्या शिपायास भांडखोर, चिडखोर, उतावळा म्हटले होते आणि उपचाराने सुधारणा झाल्याचेही लिहिले होते. एवढ्यावरून काढलेले निदान मंडळाने छाननी न करता उचलून धरले, असे न्यायालयास दिसून आले. त्याने पुनर्विलोकन मंडळ बसविण्याचा आदेश दिला : सेवामुक्तीच्या वेळी या माणसास सेवेस अपात्र करणारा रोग होता काय, हे पुन्हा पाहा. मध्ये छत्तीस वर्षे गेली होती. भांडखोर व चिडखोर माणसे तर प्रत्येक गावात, किंबहुना प्रत्येक कार्यकारिणीत असतात!

याची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. २०१९ साली स्किझोफ्रेनियाच्याच कारणाने परत पाठविलेल्या एका सैनिकाचे अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. मनोविकार भरतीच्या तपासणीत ओळखू येत नाहीत, सबब भरतीच्या वेळी नोंद नव्हती एवढ्यावरून प्रत्येकास हक्क मिळत नाही, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे अर्ज केला की निकाल आपल्याच बाजूने लागला, असे समजू नये. सेवेत काय घडले, नेमणूक कोठे होती, विकार केव्हा सुरू झाला, हे कागदावरून दाखवावे लागते.

आपल्याच ज्ञातीतील एका घरची हकीगत नाव न घेता सांगतो. घरच्यांची संमती आहे. मुलगा सात वर्षे नोकरी करून परत आला. त्याच्या कागदावर 'नाना' होते. धाकटी बहीण लग्नाची होती, म्हणून आईने तो कागद लोखंडी पेटीत शालूखाली ठेवला. बहिणीचे लग्न झाले, भाचरे झाली; कागद तेथेच. बाराव्या वर्षी मुलाच्या औषधांचा खर्च झेपेना, तेव्हा तो बाहेर निघाला. आम्ही कमान अधिकाऱ्याचा अहवाल मागविला. त्यात लिहिले होते, की पहिली पाच वर्षे हा उत्तम शिपाई होता. बर्फाच्या चौकीवर लागोपाठ नेमणूक झाल्यावर त्यास झोप लागेनाशी झाली, त्याने दोनदा रजा मागितली आणि ती मिळाली नाही. हा अहवाल मंडळाच्या फायलीतच होता! पुनर्विलोकन मंडळाने निदान बदलले नाही. मुलास विकार होता, आजही आहे. मात्र तो सेवेमुळे बळावला, असे या वेळी लिहिले. निवृत्तिवेतन सुरू झाले; मागील थकबाकी मिळाली ती अर्ज करण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच. अशा प्रकरणांत थकबाकी साधारणपणे तीन वर्षांपुरतीच द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच ठरविले आहे. उरलेली नऊ वर्षे शालूखाली गेली.

काळाचे आणखी दोन हिशेब आहेत. २००८च्या नियमांप्रमाणे सेवामुक्तीनंतर पंधरा वर्षे उलटून मागणी केल्यास पुराव्याचा भार मागणी करणाऱ्यावर येतो. आणि ज्यास निवृत्तिवेतन नाही, अशा सैनिकाची सेवापत्रे साधारणपणे पंचवीस वर्षांनंतर नष्ट करण्यात येतात. मग पुरावा द्यावयाचा म्हटले तरी आणावयाचा कोठून?

मार्ग थोडक्यात असा. प्रथम सैन्याच्याच अपील समित्यांकडे, एकामागून एक अशी दोन अपिले. तेथे न्याय न मिळाल्यास २००७च्या कायद्यान्वये स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचे एक खंडपीठ मुंबईस आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत तेथे जावे. उशीर झाल्यास त्याचे कारण लिहावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जाचे नमुने व मार्गदर्शन मिळते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णास आपली वैद्यकीय कागदपत्रे मागण्याचा हक्क दिला आहे, तो बजावावा.

सैनिकाच्या मनाविषयी झालेला निर्णय पुन्हा तपासणे हे काही आपल्याच देशात चालले आहे असे नाही. पहिल्या महायुद्धात भ्याडपणा किंवा पळून जाणे यांसारख्या आरोपांवरून गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ साली कायद्याने क्षमा केली. त्यांतील कित्येकांची मने तोफांच्या भडिमाराने खचली होती, हे मान्य व्हावयास नव्वद वर्षे लागली. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेही २०१४ साली आपल्या पुनर्विलोकन मंडळांना, युद्धाच्या आघाताने मन बिघडलेल्या माजी सैनिकांचे अर्ज उदारपणे पाहा, असे लेखी कळविले.

आता थोडे कटू बोलतो. ही माणसे कागद लपवितात ते सैन्याच्या भीतीने नव्हे, आपल्या भीतीने. आपल्या वधूवर मेळाव्यात 'घराण्यात कोणी तसे आहे का?' हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, आणि 'तसे' या शब्दात सारे येते. वधूचा किंवा वराचा स्वतःचा आजार लपवून लग्न जुळवावे असे आम्ही म्हणत नाही. तो सांगितलाच पाहिजे. पण भावाच्या कागदावर बहिणीची किंमत ठरविणाऱ्या स्थळास मधुमेह व रक्तदाब यांची यादी कधी विचारावीशी वाटत नाही. पुढील वर्षीच्या सत्कारात वर उल्लेखिलेल्या मुलाचे नाव घालावे, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीस लेखी दिली आहे. त्याने सात वर्षे सेवा केली आहे. सूचना अद्याप विचाराधीन आहे.

व्याख्यानानंतर एका भगिनीने विचारले, की मूळ कागदच उंदरांनी खाल्ला असेल तर काय करावे? घाबरू नये. ज्या रेजिमेंटमध्ये मुलगा होता तिच्या अभिलेख कार्यालयास लिहावे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावास आहे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागर येथे. अर्जात त्याचा सैनिकी क्रमांक मात्र हवा. त्या म्हणाल्या, क्रमांक कोणासच पाठ नाही. आम्ही त्यांस घरी जाऊन त्याची काळी पेटी पाहावयास सांगितले. जवान आपल्या पेटीच्या झाकणावर क्रमांक, हुद्दा व नाव पांढऱ्या रंगाने लिहून घेतात. वर गोधड्या असतील, त्या उचलाव्या.