गिरगावची रहस्यकथा, प्रेमासकट



'आवडतं पुस्तक' या विषयावर मला दहा मिनिटं मिळाली आहेत. मी सॉफ्टवेअरवाली, तेव्हा संयोजकांना काहीतरी भारदस्त अपेक्षित असावं. मी बोलणार आहे बाबूराव अर्नाळकरांवर. मागच्या रांगेत जे हसले, ते बाकाखाली काय वाचायचे हे मला पक्कं माहीत आहे.

अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या आणि गिरगावात चष्म्याचं दुकानही चालवलं. ते गेले १९९६ मध्ये. म्हणजे १९९५ला आपण दहावीचे पेपर देत होतो, तेव्हा हा माणूस हयात होता. मराठीच्या तासाला त्यांचं नाव निघणं शक्यच नव्हतं. (बाई, तक्रार नाही!)

धनंजय-छोटू आणि काळापहाड सगळ्यांना आठवतात. मला झुंजार जवळचा, कारण त्याच्याबरोबर विजया आहे. रहस्यकथेचा नायक बहुधा सडाफटिंग. संसारात पडला की त्याची धार जाते, असा लेखकांचा समज. मला ते पटत नाही. १९६४चा 'पाठलाग' आठवा. जयंत देवकुळ्यांच्या कादंबरीवरचा हा सिनेमा पुढे हिंदीत 'मेरा साया' झाला. ही बाई आपली बायको की दुसरीच कोणी, हा प्रश्न त्या माणसाला छळतो तो त्याचं तिच्यावर प्रेम आहे म्हणून. नाहीतर तो पोलिसांचा प्रश्न.

आणि आपल्या गिरगावात तर प्रेम करणं हीच रहस्यकथा होती. एक खोली, सामायिक गॅलरी, मजल्याला एक नळ. लपायचं कुठे? आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातली ताई वाचनालयाचं पुस्तक माझ्या हाती देऊन बदलायला पाठवायची. अट एकच : आधी ठाकूरद्वार नाक्यावर उभ्या असलेल्या दादाला ते दाखवायचं. तो दोन मिनिटं पानं चाळून परत द्यायचा, वर लिमलेटची गोळी. मी दहा वर्षांची. एकदा फणसवाडीच्या तोंडाशी थांबून मी पुस्तक उघडलं. काही अक्षरांखाली पेन्सिलीचे बारीक टिंब होते. जुळवली तर निघालं 'शनिवार चौपाटी'. पुढे नोकरीत एन्क्रिप्शनवर काम केलं, पण तसा थरार काही पुन्हा आला नाही.

त्यांची जात वेगळी होती. ताईचे वडील तापट. एका दुपारी ताई पिशवी घेऊन जिना उतरली, चर्नी रोड स्टेशनकडे गेली. गॅलरीत निदान सहा बायका उभ्या होत्या. रात्री वडिलांनी दारोदार विचारलं. एकीनेही तिला जाताना पाहिलं नव्हतं! मला वाटायचं, ते टिंब फक्त मलाच ठाऊक. गेल्या वर्षी आई म्हणाली, "अगं, नळावर सगळ्यांनाच माहीत होतं. पुस्तक कोणाच्या हाती द्यायचं हेसुद्धा आम्हीच तिला सुचवलं." ताई-दादा आता डोंबिवलीत आहेत. त्यांची परवानगी घेऊनच सांगतेय.

आता ती चाळ नाही. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो थेट गिरगावात येते, मीही आज तिनेच आले. सोय झाली, उगाच नाकं मुरडणार नाही. पण आजच्या काळात ही गोष्ट घडवायची म्हटलं तर माझ्यासारखीची पंचाईत होते. फोनला ताईचा ठावठिकाणा कळेल, पैसे दिल्याची नोंद राहील, लिफ्टसमोर कॅमेरा असेल. आमच्या धंद्यात नोंद खोटं बोलत नाही. त्या सहा जणी बोलल्या.

ही कादंबरी कोणीतरी लिहावी, असं मला फार वाटतं. झुंजारसारखी गाडी-पिस्तूल नकोत. मुगभाट, खोताची वाडी, साहित्य संघाजवळची गर्दी आणि तो नळ पुरे. आपल्या वर्गात निबंधाला पहिली येणारी इथेच बसली आहे. तिने मान खाली घातली तरी मी बघितलंय.

तोवर एक काम. माळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या रहस्यकथा असतील तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी एकदा पानं उजेडात धरा. टिंब सापडले तर मला फोन करा. अक्षरं मी जुळवून देईन, नावं विचारणार नाही.