कॅमेऱ्याची साक्ष



या व्यासपीठावर आजवर मोठमोठे पंडित बोलून गेले. आमचे शिक्षण नववीच्या वर्गात थांबले ते थांबलेच. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या दारात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर. तेव्हा पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांवर बोलतो असे आम्ही कळवले, याचे चालकांना नवल वाटले असेल. पण हल्ली आमच्या कामगाराची भाकरी त्या कॅमेऱ्याच्या डोळ्याला टांगलेली आहे, म्हणून हा विषय आम्हांस शिकावा लागला.

एका कारखान्यात रात्रपाळीला पावणेतीनच्या सुमारास मागच्या फाटकातून तांब्याच्या तारेचे भेंडोळे गेले. फाटकावर कॅमेरा होता. चित्रात एक मनुष्य खांद्यावर काहीतरी घेऊन जाताना दिसतो. तो आमचा अमुक कामगार, असे व्यवस्थापनाने ठरवले. नोकरी १९ वर्षांची. त्याला निलंबित केले, हातात आरोपपत्र दिले. तो आमच्याकडे येऊन म्हणाला, “दादा, मी नव्हतो हो. पण पडद्यावर माणूस दिसतोय, आता माझं कोण ऐकणार?”

खरे सांगायचे तर, प्रथम आम्हांलाही शंका आली. ते चित्र आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले. आधी नाव ऐकलेले असल्यामुळे प्रत्येक वेळी तो थोडा थोडा त्याच्यासारखाच दिसू लागला! मनुष्याचा डोळा असा फितूर होतो.

चौकशीत व्यवस्थापनाचे म्हणणे एकच होते: कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा आहे, त्यात चूक होणार नाही. आता हे मेगापिक्सेल म्हणजे काय? चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, त्यांचा गुणाकार २० लाख ७३ हजार ६००. म्हणजेच दोन मेगापिक्सेल. आकडा मोठा खरा, पण ते ठिपके केवढ्या जागेवर पसरले आहेत, हे खोक्यावर छापलेले नसते. आम्ही टेप घेऊन फाटकाजवळ गेलो. तो मनुष्य जिथून चालला, तिथे कॅमेऱ्याच्या दृष्टीत येणारी रुंदी २४ मीटर भरली. १९२० ला २४ ने भागा; मीटरला ८० ठिपके. माणसाचा चेहरा सुमारे १६ सेंटिमीटर रुंद. त्याच्या वाट्याला १३ ठिपके आले. तेवढ्यात नाक, डोळे, मिशी सगळे बसवायचे.

या बाबतीत आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ साली मानक काढले होते. कोणीतरी आहे एवढे कळायला मीटरला २५ ठिपके. ओळखीचा माणूस ओळखायला १२५. आणि अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायला २५०, असे त्यात धरले होते. आमचे ८० माणूस ओळखायला पुरत नव्हते. तरी व्यवस्थापक म्हणाले, “पण आमच्या पडद्यावर तर स्वच्छ दिसते.”

इथेच खरी मेख होती, आणि ती शोधायला आम्हांस आठवडा लागला. पडद्यावर चालू दिसणारे चित्र आणि तबकडीवर साठवलेले चित्र ही एकच वस्तू नव्हे. त्या कारखान्यात १६ कॅमेरे, साठवणीची तबकडी चार टेराबाइटची, आणि हुकूम असा की ३० दिवसांचे चित्रण राहिले पाहिजे. दोन मेगापिक्सेलचे बऱ्यापैकी चित्र ठेवायचे तर सेकंदाला चार मेगाबिट धरा. एका कॅमेऱ्याचे दिवसाला ४३ गिगाबाइट, सोळांचे सुमारे ६९०. ती तबकडी सहा दिवसांतच भरते. ३० दिवस पुरवायचे तर प्रत्येकाला सेकंदाला पाऊण मेगाबिटच मिळतो. मग बसवणाऱ्याने काय केले? नोंद करण्यासाठी चित्र ७०४ बाय ५७६ ठिपक्यांवर आणले. ७०४ ला २४ ने भागा: मीटरला २९. चेहऱ्याला पाच ठिपकेसुद्धा पुरे मिळत नाहीत! कोणीतरी होते, एवढीच साक्ष तो कॅमेरा देऊ शकत होता.

त्यातही ते ठिपके जसेच्या तसे साठत नाहीत. हजेरीपटावर ‘वरीलप्रमाणे’ लिहिणारा कारकून तुम्ही पाहिला असेल. यंत्रही तसेच करते: मागच्या चित्रातले जे बदलले तेवढेच नव्याने लिहायचे. दिवसा भिंत आणि फाटक जागचे हलत नाहीत, काम स्वस्तात भागते. रात्री उजेड कमी, म्हणून चित्रभर दाणे नाचतात. सगळेच बदलते, आणि पाऊण मेगाबिटाची शिधा दाणे लिहिण्यातच संपते. चालणाऱ्या माणसाचे मग नुसते चौकोन उरतात. शिवाय अंधारात पडदा एका सेकंदाचा पंचविसावा भाग उघडा ठेवला, तर तेवढ्यात साधी चाल पाच-साडेपाच सेंटिमीटर पुढे सरकते आणि चेहरा तेवढा फरफटतो. आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊनही हे सुटतेच असे नाही. काचेमागची पट्टी तेवढीच ठेवून ठिपके चौपट केले, तर प्रत्येकाच्या वाट्याचा उजेड चौथाई होतो.

चित्र मोठे करून पाहू, असे चौकशी अधिकारी म्हणाले. चित्रवाणीवरील तपास-मालिकांनी केलेला हा घोटाळा आहे. नोंदलाच नाही तो तपशील मोठा कसा होणार? हल्ली संगणक अंदाजाने ठिपके भरून सुबक चेहरा घडवून देतो. पण तो कोणाचा?

सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अर्जुन खोतकर प्रकरणात इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच असे सांगितले. ते प्रकरण आपल्या जालन्याच्या निवडणुकीचे. प्रमाणपत्रामुळे नोंद अस्सल ठरण्यास मदत होते. अस्सल नोंद अंधूक असू शकते, हे त्यात कुठे लिहिलेले नसते.

उलटतपासणीत आम्ही पर्यवेक्षकाला विचारले, ओळखलेत कशावरून? उत्तर आले, फिकट शर्टावरून. आम्ही परवानगी काढली आणि रात्री त्याच फाटकाशी आमचे काळे जाकीट घालून उभे राहिलो. अवरक्त दिव्यात पडद्यावर ते पांढुरके दिसले! काही काळी कापडे त्या उजेडात अशीच दिसतात. पर्यवेक्षक भला माणूस होता, त्याने मान खाली घातली.

आरोप सिद्ध झाला नाही, कामगार रुजू झाला. निलंबनाचे सात महिने मात्र गेलेच, आणि वस्तीत लागलेले नाव काही कोणी पत्र देऊन परत घेत नाही.

पुढे त्याच कारखान्यात प्रेसवर एका पोराची दोन बोटे गेली. सुरक्षा-जाळी काढलेली होती, असे त्याचे म्हणणे. त्यानेच काढली, असे कंपनीचे. या वेळी चित्रण आम्ही मागितले. मिळाले. तीच तबकडी, तेच चौकोन. जाळी आहे की नाही, काही दिसेना. पहिल्या वेळी ज्या अंधुकपणाने आमचा माणूस वाचला, त्यानेच दुसऱ्याचा दावा बुडवला. काही सोबती म्हणतात, कॅमेरे अंधूकच राहू देत, मालकाला कमी दिसेल. आम्हांस ते पटत नाही. मालकाला ‘कोणीतरी’ दिसले की तो त्याला हवे ते नाव चिकटवतो.

त्यानंतरच्या करारात आम्ही मागणी घातली: फाटकावर आणि यंत्रांवर अरुंद जागेचे कॅमेरे, चेहऱ्याशी मीटरला २५० ठिपके, तेही नोंदलेल्या चित्रात मोजून, विश्रांतीच्या जागेत आणि मोरीकडे कॅमेरा नाही, आणि अपघाताची नोंद त्याच दिवशी दोन्ही बाजूंसमोर उतरवून ठेवायची. फाटकाचे कलम मान्य झाले. यंत्रांचे अजून टेबलावर आहे.