देणाऱ्यांचाही संघ असतो

गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ, ही उतरंड आता आपल्याला तोंडपाठ आहे. पण पैसे देणारे ट्रस्ट आणि फाउंडेशनसुद्धा एकत्र येऊन संघ करतात, वर्गणी भरून सभासद होतात, हे किती जणींना माहीत आहे?

हा विषय निघाला डाळ मिलवरून. आमच्यातल्या एका गटाने मिलसाठी एका ट्रस्टकडे अर्ज केला होता. बारा जणी, सात वर्षांची बचत, कर्जाचा एक हप्ता चुकलेला नाही. उत्तर आलं, बचत गटाला आम्ही थेट देत नाही. बायका हिरमुसल्या. ‘आपण गरीब म्हणून विश्वास नाही,’ असं एक मावशी म्हणाल्याच.

कारण निराळं आहे. देणाऱ्यालाही हिशेब द्यावा लागतो. ट्रस्टला धर्मादाय आयुक्तांकडे, आयकर खात्याकडे. मोठ्या कंपन्यांना २०१३च्या कायद्याने नफ्याच्या सरासरीतले दोन टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. ते काम दुसऱ्या संस्थेकडून करून घ्यायचं, तर ती नोंदणीकृत हवी, तिच्याकडे आयकराचे १२अ आणि ८०जी हवे, आणि २०२१पासून सीएसआर-१ नंबरही हवा. आपल्या गटाकडे ठरावाचं रजिस्टर आणि बँकेचं पासबुक. गट कितीही चोख असला तरी त्या चौकटीत बसत नाही. नोंदणी झालेला प्रभागसंघ किंवा लोकसंचालित साधन केंद्र मात्र बसू शकतं.

आता देणाऱ्यांच्या संघाचं काम काय? मुंबईत १९८६पासून ‘सेंटर फॉर ॲडव्हान्समेंट ऑफ फिलान्थ्रॉपी’ आहे. कायदा बदलला तर काय करायचं, कोणता फॉर्म कधी भरायचा, विश्वस्तांची जबाबदारी कोणती, हे ते सभासद संस्थांना समजावून सांगतात. उदाहरण घ्या. २०२०मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा कडक झाला. परदेशातून आलेला पैसा एका संस्थेने पुढे दुसरीला द्यायचा नाही, असं ठरलं. मोठ्या संस्थेच्या हातून लहान संस्थेपर्यंत येणारी ती वाट बंद झाली. एक कारकून आणि एक कपाट असलेल्या ट्रस्टला हे सगळं एकट्याने कळायचं कसं? आपल्याला रजिस्टर लिहायला सीआरपी ताई शिकवते ना, तसंच ते.

पण फॉर्म शिकवण्याच्या पुढे जाणारेही संघ आहेत. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फाउंडेशनांची एक परिषद आहे. कॉर्नफ्लेक्सवाल्या केलॉग यांचं फाउंडेशन तिथलंच. १९९०च्या आसपास केलॉग फाउंडेशनने गावोगावच्या निधींना पैसे देऊ केले, पण अट घातली: मुलांसाठीचा पैसा कुठे जाणार हे ठरवणाऱ्या समितीत मुलंच हवीत. परिषदेने ते काम राज्यभर नेलं आणि अशा ८०हून जास्त समित्या उभ्या राहिल्या. शाळा-कॉलेजातली पोरं अर्ज वाचतात, भेटी देतात, कुणाला द्यायचं ते सांगतात.

हे कळल्यापासून आमच्या बैठकीत एकच चर्चा आहे. पोरांना बसवता येतं, तर बायकांसाठीचा पैसा ठरवताना बायकांना का नाही? कर्ज कुणाला द्यायचं, कुणाचा हप्ता आजारपणामुळे थांबवायचा, हे आपण दर महिन्याला चटईवर बसून ठरवतो. एखादीची म्हैस खरंच आजारी आहे की सबब आहे, हे शहरातल्या कुठल्या अधिकाऱ्याला कळणार? आपल्याला कळतं. दात्यांच्या संघांनी आमच्यासारख्या दोघी-तिघींना वर्षातून एकदा बोलवावं आणि भाषणाऐवजी अर्ज वाचायला द्यावेत, असं आमचं मत आहे.

तोवर डाळ मिलचा अर्ज प्रभागसंघाच्या नावाने परत जातोय. प्रभागसंघाची नोंदणी आहे, १२अ आणि ८०जीही आहे, तीन वर्षांचं ऑडिट झालंय, सीएसआर-१चा फॉर्म भरायला दिलाय. तुमच्या प्रभागसंघाची फाइल येत्या बैठकीत मागून बघा. यातला कोणता कागद नाही ते लिहून ठेवा आणि आपल्या समन्वयक ताईला विचारा.