खेळणारा कूळ आणि खेळाचा खोत

(अलिबाग येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मोबाईलवरील आणि संगणकावरील खेळांचा विषय आपल्या बैठकांत निघाला की सूर ठरलेला असतो : पोरे बिघडली, बंदी घाला. या मागणीमागील आईबापांची काळजी खरी आहे. परंतु समाजवादी कार्यकर्त्याने तेथेच थांबणे बरे नव्हे. गिरणीत कामगारांची पिळवणूक होते म्हणून आपण कधी कापडावर बंदी मागितली नाही. गिरणी कोणाची आणि नफा कोणाचा, हे विचारले. खेळांच्या धंद्यालाही तोच प्रश्न विचारावयाचा आहे.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करू. पैसे लावून खेळावयाचे खेळ ही एक गोष्ट. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले. त्या आधारावर पुढे कंपन्यांनी मोबाईलवर पैशाच्या रमीचा बाजार मांडला. डाव कौशल्याचा असो वा नशिबाचा, मांडणाऱ्याचा हिस्सा प्रत्येक डावातून सुटतोच. सरकारही त्यात मागे नव्हते. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळणाऱ्याने भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के कर लागू झाला. जुलै २०२५ मध्ये राज्याचे कृषिमंत्री विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत गाजली. आपण केवळ जाहिरात बंद करीत होतो, असा त्यांचा खुलासा होता. त्यांचे कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते मिळाले! त्याच ऑगस्टमध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात शिक्षा आहे ती धंदा चालविणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. ही दिशा योग्य आहे आणि आपण तिचे स्वागत केले पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे निव्वळ खेळ. त्यात चित्रकला आहे, संगीत आहे, कथा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या लहान संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा खेळ काढला आणि आपल्या पुराणकथा जगभरच्या खेळाडूंपुढे नेल्या. नाटकाला आणि चित्रपटाला आपण कला मानतो. मग यालाही मानले पाहिजे. माझा आक्षेप आहे तो या कलेच्या मालकीसंबंधी.

आपल्याच तालुक्यातील चरीचा संप येथे आठवतो. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे कुळांनी खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या. कूळ राबत होता, परंतु जमिनीवर त्याचा हक्क नव्हता. खोताने लिहून आणलेल्या कबुलायतीवर त्याला अंगठा उठवावा लागे. पोटाच्या भुकेची बरोबरी मी खेळाशी करीत नाही. परंतु मालकीचे नाते तपासून पाहा. पूर्वी खेळाची तबकडी विकत घेतली की ती घेणाऱ्याची होई. मित्राला देता येई, जुन्या बाजारात विकता येई. आता पैसे मोजूनही पदरात पडतो तो केवळ वापरण्याचा परवाना, आणि तोही मालकाची मर्जी असेतोवर. ‘मला मान्य आहे’ हे बटण दाबणे म्हणजे नवी कबुलायतच होय. ती कोणी वाचत नाही. आणि वाचली तरी तिच्यातील एक अक्षर बदलून घेता येत नाही.

युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ साली काढलेला ‘द क्रू’ हा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला. ज्यांनी तो विकत घेतला होता, त्यांच्या हाती काही उरले नाही. यावर युरोपातील खेळाडू रडत बसले नाहीत. विकलेला खेळ मालकाने निरुपयोगी करू नये, या मागणीच्या अर्जावर २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली. राष्ट्रीय सुरक्षेचे कारण सरकारने दिले, त्याची चर्चा वेगळी. परंतु ज्या मुलांनी त्या खेळात पैसे घातले होते, त्यांना ना कंपनीने विचारले, ना सरकारने. त्यांच्या वतीने बोलणारी संघटनाही नव्हती.

‘फुकट’ खेळांचे अर्थशास्त्र याहून सूक्ष्म आहे. आधी रुपये देऊन खेळातील नाणी घ्यावयाची, मग त्या नाण्यांनी पोशाख आणि हत्यारे. मधल्या या नाण्यामुळे खर्चाचा अंदाजच सुटतो. ‘फोर्टनाइट’ खेळाच्या एपिक कंपनीने फसव्या बटणांच्या मांडणीतून नको असलेली खरेदी करविली, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहकांना परत देण्यासाठी साडेचोवीस कोटी डॉलर भरण्यास कंपनी तयार झाली.

आणि हे खेळ घडविणारे हात? मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलरना घेतली. पुढच्या जानेवारीत आपल्या खेळ-विभागातील १,९०० जणांना घरी बसविले. मक्तेदारीची रीत जुनीच आहे. परंतु प्रतिकारही सुरू झाला आहे. याच समूहातील रेव्हन सॉफ्टवेअरमध्ये खेळातील चुका तपासणाऱ्या कामगारांनी मे २०२२ मध्ये मतदान करून आपली संघटना उभी केली. युबीसॉफ्टची कार्यालये पुण्यात आणि मुंबईत आहेत. तेथे काम करणारी मुले आपलीच आहेत, आणि त्यांच्यापर्यंत आपण पोहोचलेलो नाही.

म्हणून सरसकट बंदीचा ठराव न करता आपण चार मागण्या मांडाव्या, अशी माझी सूचना आहे. विकलेला खेळ सेवा बंद झाल्यावरही चालू शकेल, अशी तजवीज कंपनीने करावी. खेळातील प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत लिहावी. अल्पवयीन मुलाची खरेदी पालकाच्या स्पष्ट संमतीवाचून होऊ नये. आणि खेळ घडविणाऱ्यांना संघटनेचा हक्क निर्वेधपणे वापरता यावा.

मुरूड-श्रीवर्धनपासून उरणपर्यंत संध्याकाळी धक्क्यावर, एसटीच्या थांब्यावर मोबाईलमध्ये मान घालून बसलेली मुले आपल्याला दिसतात. त्यांना उपदेश करणारे पुष्कळ आहेत. आपण त्यांच्या शेजारी बसून, या खेळात तुझे काय आणि मालकाचे काय, एवढे विचारावे. चरीच्या कुळांनाही चळवळीत आणणारा पहिला प्रश्न याच जातीचा होता.