क्लम आणि आलस्य
(श्रीमठाच्या वर्धापनोत्सवात बाजारहत्नूर येथे दिलेले व्याख्यान)



श्रीगुरुचरणी साष्टांग प्रणिपात करून आजच्या विषयास आरंभ होत आहे. उत्सवाच्या दिवसांत मठाचे प्रांगण गजबजून जाते. बोथ, इच्चोडा या बाजूंनी, तसेच सीमेपलीकडे किनवट-माहूरकडूनही मंडळी येतात. पहाटेच्या काकडआरतीपासून रात्रीच्या शेजारतीपर्यंत सेवा अखंड चालते. परंतु कित्येक घरांतून कोणीतरी एक व्यक्ती मागे राहिलेली असते. ती कोणाची सून असते, कोणाची वडील बहीण, तर कोणाचा तरणाताठा मुलगा. त्या व्यक्तीला ताप नसतो, सूज नसते, जखम तर नसतेच. तरीही सर्वांग ठणकत असते. रात्रभर अंथरुणावर पडूनही सकाळी झोप झाल्याचे समाधान नसते. ओटी बांधून अर्धा दिवस कापूस वेचला, तर पुढचे दोन दिवस अंग उचलत नाही. वैद्यकीय तपासणीचे कागद सर्व काही ठीक असल्याचे सांगतात. मग घरातील माणसे आपला निर्णय देऊन मोकळी होतात. कोणी म्हणतो आळस, कोणी म्हणतो ढोंग, आणि थोडा धार्मिक वृत्तीचा असेल तो म्हणतो प्रारब्ध. आजचे हे विवेचन त्या मागे राहिलेल्या व्यक्तीविषयी आहे.

आपल्या पूर्वाचार्यांनी या बाबतीत किती सूक्ष्म विचार केला होता, हे प्रथम पाहणे उचित होईल. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील चौथ्या अध्यायात क्लम आणि आलस्य या दोहोंची लक्षणे स्वतंत्रपणे सांगितली आहेत. श्रम केले नसतानाही देहात वाढत जाणारा, धाप न लागता येणारा आणि इंद्रियांच्या व्यापारांत अडथळा आणणारा जो थकवा, तो क्लम होय. अंगी शक्ती असूनही कर्म करण्याचा उत्साह नसणे, सुखाची आवड आणि कष्टांचा द्वेष असणे, ते आलस्य होय. या दोन व्याख्यांतील भेद एका शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे शक्ती. आळशी मनुष्याजवळ शक्ती असते, इच्छा नसते. क्लमाने ग्रासलेल्या मनुष्याजवळ इच्छा असते, शक्ती नसते. ज्या आचार्यांनी हे दोन शब्द निरनिराळे ठेवले, त्यांच्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी रुग्णाला आळशी म्हणणे हे शास्त्रालाही सोडून आहे आणि न्यायालाही.

अर्वाचीन वैद्यकाला या निष्कर्षापर्यंत येण्यास बराच काळ लागला. सर्वांगातील स्नायूंच्या जुनाट दुखण्याला विलियम गॉवर्स या इंग्रज वैद्याने 1904 साली फायब्रोसायटिस हे नाव दिले. त्या नावात दाहाची कल्पना होती. पुढे स्नायूंत तसा दाह आढळेना, म्हणून 1976 च्या सुमारास फायब्रोमायल्जिया हे नाव रूढ झाले. 1990 साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने त्याच्या निदानाचे नियम प्रसिद्ध केले व 2010 साली ते बदलले. या विकारात वेदना खरीच असते. मात्र तिचे मूळ मुख्यतः मज्जासंस्थेत असते. वेदनेचा संदेश वाहून नेणारी व त्याचे मोजमाप करणारी यंत्रणा अतिसंवेदनशील होते, आणि साधा दाबही तिला आघातासारखा जाणवतो. शंभर प्रौढांत सुमारे दोन ते चार जणांना हा विकार होतो, व त्यांत स्त्रियांची संख्या अधिक असते.

याच्याशी नाते सांगणारा दुसरा विकार म्हणजे दीर्घकालीन थकव्याचा. त्याला 1988 साली अमेरिकेत क्रॉनिक फटीग सिंड्रोम हे नाव मिळाले. 2015 साली तेथील तज्ज्ञसमितीने त्याची लक्षणे नव्याने मांडली. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणारा व जीवनक्रम मोडून टाकणारा थकवा, झोपेने न मिळणारी विश्रांती, बुद्धीची मंदता किंवा उभे राहिल्यावर वाढणारा त्रास, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थोड्याशा श्रमानंतर काही तासांनी वा दुसऱ्या दिवशी येणारी मोठी घसरण, ही ती लक्षणे होत. पुष्कळदा एखाद्या संसर्गानंतर याचा आरंभ होतो. 2020 नंतर कोविडमधून उठलेल्या अनेकांनी हा अनुभव घेतला. 2006 च्या चिकुनगुन्याच्या मोठ्या साथीनंतरही महाराष्ट्र-आंध्रातील कित्येकांचे सांधे महिनोन्महिने दुखत राहिले होते.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. प्रत्येक थकवा म्हणजे हा विकार नव्हे. भारतातील 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी 57 जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याचे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसून आले. थायरॉइडची मंदता, मधुमेह, क्षय, ब-12 व ड जीवनसत्त्वांची उणीव यांनीही अंग गळून जाते. आदिलाबाद जिल्ह्यातील आदिवासी बांधवांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो, आणि वेदना व थकवा ही त्याचीही लक्षणे आहेत. सांध्यांवर सूज असेल तर तो खरा आमवात असू शकतो, आणि त्यावर वेळीच औषध न घेतल्यास सांधे कायमचे वाकतात. म्हणून काढा, मालिश, आसन हे सारे पुढचे. पहिली पायरी रुग्णालयाची आणि रक्ततपासणीची.

या विवेकाचे उत्तम उदाहरण महात्मा गांधींच्या चरित्रात सापडते. निसर्गोपचारावर त्यांच्याइतकी निष्ठा असलेला दुसरा लोकनेता दाखविणे कठीण. तथापि जानेवारी 1924 मध्ये येरवड्याच्या कारागृहात असताना त्यांना आंत्रपुच्छाचा विकार झाला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून त्यांनी शस्त्रक्रिया करवून घेतली. त्यामुळे त्यांची निष्ठा ढळली नाही. मार्च 1946 मध्ये ते पुण्याजवळील उरुळी कांचन येथे गेले आणि माती, पाणी, सूर्यप्रकाश, हवा व मिताहार या साधनांनी त्यांनी गावातील गोरगरिबांवर उपचार सुरू केले. ते कार्य पुढे मणिभाई देसाई आणि विनोबांचे बंधू बाळकोबा भावे यांनी चालविले. बाळकोबांनी स्वतः क्षयासारखा दीर्घ आजार भोगला होता. रुग्णाच्या मनाची अवस्था त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

ज्या 1924 साली गांधीजींवर शस्त्रक्रिया झाली, त्याच साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांची प्रयोगशाळेत परीक्षा करण्याचा उपक्रम आरंभिला. योगाला परीक्षेचे भय नाही, ही त्यांची धारणा होती. त्याच दृष्टीने आज या विकारांवरील पर्यायी उपचारांकडे पाहिले पाहिजे. 2010 साली अमेरिकेत फायब्रोमायल्जियाच्या 53 स्त्रियांवर एक प्रयोग झाला. सौम्य आसने, प्राणायाम व ध्यान यांचा आठ आठवड्यांचा क्रम ज्यांनी पाळला, त्यांची वेदना व थकवा इतरांच्या तुलनेत कमी झाला. त्याच वर्षी ताई-ची या चिनी संथ व्यायामाचा 66 रुग्णांवरील प्रयोगही फलदायी ठरला. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या मंडळाने नियमित व्यायामाला या विकारात सर्वांत अधिक बळकट शिफारस दिली आहे. ध्यानयुक्त हालचाली, ऊन पाण्यातील उपचार व सूचिकावेध यांना त्यांनी सौम्य शिफारस दिली. मालिशीचा पुरावा मात्र त्यांना अपुरा वाटला. तेव्हा कोमट तिळतेलाचा अभ्यंग आणि शेक यांनी घटकाभर सुख वाटत असेल तर तो खुशाल करावा. त्याने रोग मुळापासून जाईल, अशी आशा धरू नये.

आता सर्वांत नाजूक प्रश्न येतो. व्यायाम करावा की विश्रांती घ्यावी? केवळ अंगदुखीचा रुग्ण हालचाल सोडून देतो, तेव्हा त्याचे दुखणे वाढते. उलटपक्षी, श्रमानंतर घसरण होणाऱ्या रुग्णाला बळेच चालविले, तर तो अधिक खचतो. इंग्लंडमध्ये अशा थकव्याच्या रुग्णांना दर आठवड्यास ठरावीक व्यायाम वाढवीत नेण्याचा उपचार अनेक वर्षे दिला जात असे. 2021 साली तेथील राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने ती शिफारस मागे घेतली व आपल्या शक्तीच्या मर्यादेत राहून दिवसाची आखणी करण्याचा सल्ला दिला.

आयुर्वेदाचा या बाबतीतील नियम पाठशाळेतील विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असे सुश्रुत सांगतात आणि वाग्भटही सांगतात. त्यांनी हे बलवान मनुष्यालाही सांगितले आहे. मग दुर्बलाने किती जपावे, हे निराळे सांगावयास नको. ज्याला आज वीस पावले चालता येतात, त्याने दहा चालावीत व बसावे. बरे वाटणाऱ्या दिवशी साठलेली सारी कामे उरकण्याचा मोह टाळावा, कारण त्या एका दिवसाचे ऋण पुढे चार दिवस फेडावे लागते. स्वयंपाक बसून करावा. धुणे एकाच दिवशी न काढता वाटून घ्यावे. दुपारी काही काळ शवासनात पडून राहावे. निजण्याची व उठण्याची वेळ नेमलेली असावी. आहार ताजा, साधा व वेळेवर घ्यावा. आहार, निद्रा आणि संयम यांना चरकाचार्यांनी शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले आहे. मुख्य खांब डळमळतो, तेव्हा या आधारांचे मोल कळते.

दुखण्याने गांजलेला मनुष्य भोळा होतो, आणि त्याच्या भोळेपणावर टपलेले लोक सर्वत्र असतात. आठवड्याच्या बाजारात सांधेदुखीवर अक्सीर म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत चमत्कार वाटतो. पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते आणि हाडे ठिसूळ होतात. 2004 साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळले. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा आपल्या देशात 1954 सालीच झाला. तथापि कायद्याहून विवेक अधिक उपयोगी पडतो. ज्या औषधावर घटक लिहिलेले नाहीत ते घेऊ नये. जो उपचारक चालू औषधे एकदम बंद करावयास सांगतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. भस्मे व रसौषधी पदवीधर वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण हे ते चार होत. परिचारकाच्या गुणांत शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता व शुचिता यांच्या बरोबरीने रुग्णाविषयीचे प्रेमही गणलेले आहे. रुग्णाच्या गुणांत आपली व्याधी स्पष्टपणे सांगता येणे हा एक गुण मानला आहे. परंतु ज्या घरात सुनेने दुखते म्हटले की सासूबाई तोंड फिरवितात आणि पतिराज हसतात, त्या घरात ती काय सांगणार? तिचा हा गुण घरानेच हिरावून घेतलेला असतो. दिसत नसलेल्या दुखण्यावर विश्वास ठेवणे, हीच या विकारातील पहिली शुश्रूषा आहे.

अशा शरीरानेही केवढे कार्य होऊ शकते, याची साक्ष फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चरित्र देते. क्रिमियाच्या युद्धात 1855 साली त्यांना तापाने गाठले. त्यानंतर अनेक वर्षे वेदना व थकवा यांमुळे त्या खोलीबाहेर क्वचितच पडत. परंतु त्याच खोलीतून त्यांनी हिंदुस्थानातील आरोग्यव्यवस्थेविषयी अहवाल व पत्रे लिहिली आणि त्यांचा परिणाम राज्यकारभारावर झाला. त्यांचा जन्मदिवस, 12 मे, हा आज जगभर या विकारांच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. त्यांना साहाय्य करणारी आणि त्यांच्या विश्रांतीचा मान राखणारी माणसे भोवती होती, हेही ध्यानात ठेवावे.

शेवटी मठाच्या आचाराविषयी. प्रदक्षिणा घडत नाहीत, साष्टांग नमस्कार घालता येत नाही, एकादशीचा निर्जळ उपवास सोसत नाही, म्हणून कित्येक भाविक मनातल्या मनात झुरतात आणि स्वतःला अपराधी मानतात. धर्मशास्त्राने बाल, वृद्ध व आतुर यांना व्रताच्या नियमांतून सवलत दिली आहे. ती शास्त्राज्ञाच आहे, आणि ती स्वीकारण्यात कमीपणा नाही. मानसपूजेचे स्थान बाह्यपूजेहून खालचे आहे, असे कोणत्याही आचार्याने म्हटलेले नाही. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी सभामंडपात खुर्ची असावी. ज्यांना रांगेत उभे राहवत नाही त्यांना आधी दर्शन मिळावे. जे येऊच शकत नाहीत त्यांच्या घरी प्रसाद पोहोचवावा, आणि तो देणाऱ्याने घटकाभर बसून त्यांचे ऐकून घ्यावे. एवढे घडले तरी या वर्धापनोत्सवाची सांगता खऱ्या अर्थाने झाली, असे म्हणता येईल.

श्रीगुरुकृपेने आर्तांना धीर आणि धडधाकटांना समज प्राप्त होवो, ही प्रार्थना करून हे विवेचन श्रीचरणी समर्पित असो.