भर पावसात, एकट्यानं
(मंडळाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीचे दिवस म्हणजे गर्दीचे दिवस. या दिवसांत एकटेपणावर बोलायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून उपासाचं कौतुक करण्यासारखं आहे. तरी आम्ही बोलणार आहोत, कारण आपल्या बेळगावचा पाऊस गर्दीत नीट कळत नाही.

आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फुटांवर, सह्याद्रीच्या पाठीला टेकून बसलेलं. तिकडे आंबोलीला वर्षाकाठी ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; आपल्यापर्यंत पोचताना तो १३०० च्या घरात येतो. वारा मात्र पुरेपूर असतो. वाडवडिलांनी या पावसाला नक्षत्रांची नावं दिली, वयसुद्धा दिलं: पुनर्वसूचा 'तरणा', पुष्याचा 'म्हातारा'. एवढी ओळख असूनही रात्री एकट्यानं त्याच्या भेटीला जाणं आपण वेडात जमा केलं. पोरगा दाराशी चप्पल शोधू लागला की आतून हाक येतेच, "कुठं जाऊलास रे या पावसात?"

आर्द्रातल्या एखाद्या रात्री दहानंतर खडेबाजारात उतरून पाहा. दिवसा जिथं खांद्याला खांदा घासतो, तिथं शटरं खाली आलेली असतात. छत्री वाऱ्यानं उलटी झाली की सरळ मिटून टाकावी. भिजण्याची भीती भिजेपर्यंतच असते. पत्र्यावर ताशा वाजत असतो, जुन्या कौलांवरून धारा लागलेल्या असतात. एवढ्या आवाजात स्वतःच्या मनातलं मात्र स्वच्छ ऐकू येतं. घरी आपण कुणाचे तरी बाबा, काकू, वहिनी असतो. दुकानात मालक असतो. त्या अर्ध्या तासात आपल्याला कुणी हाक मारत नाही. हा आनंद फुकट आहे आणि तो दुसऱ्या कुणाला वाटून देता येत नाही.

एकटेपणाला आपल्या गावानं मराठीत फार मोठा शब्द दिला आहे. इंदिरा संत इथंच राहिल्या, इथंच शिकवलं. १९४६ साली पती गेले, पदरी मुलं होती. १९५१ साली 'शेला' आला. पाऊस आणि एकटेपण यांची सोबत त्यांच्या कवितेत किती खोल आहे, हे आपल्याला सांगायला नको. त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांचा 'वनवास'मधला लंपनही आपल्याच मुलखातला, आपल्याच तंद्रीत सगळं टिपत हिंडणारा.

मात्र पाऊस ओळखून बाहेर पडावं. वैशाखातला वळीव विजा घेऊन येतो. त्याची मजा घरातूनच घ्यावी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. झाडाखाली थांबू नये, लोंबणाऱ्या तारेजवळ जाऊ नये. आणि २०१९ चा ऑगस्ट विसरू नये. त्या महापुरात आपल्या जिल्ह्यात कितीतरी घरांच्या भिंती पडल्या. रात्री एकटा हिंडणारा माणूस मौज घेतो, तसा कुणाच्या दारात पाणी शिरलंय हेही सगळ्यांच्या आधी त्यालाच दिसतं. तिथं त्यानं थांबावं, दार वाजवावं.

आता शेवटचं आणि मुद्द्याचं. ही मौज आजवर घरातल्या पुरुषांनीच घेतली. आपल्या आज्या, आया खिडकीच्या गजाआडून पाऊस बघत राहिल्या. इंदिराबाईंच्या गावात तरी हे असं राहू नये. रस्त्यावर दिवे लागलेले असावेत, एवढी मागणी आपण नगरसेवकांकडे करू शकतो. दाराशी अडवायचं नाही, एवढं आपण स्वतःच ठरवू शकतो.

पुढच्या आर्द्रात तुमच्या घरातली लेक किंवा सून म्हणाली, "मी जरा पावसात जाऊन येते," तर सोबत कुणाला पाठवू नका. फोन तेवढा जवळ ठेवायला सांगा. ती परत येईपर्यंत आल्याचा चहा गरम ठेवा, आणि कुठं गेली होतीस म्हणून विचारू नका.

गणपती बाप्पा मोरया!