नाव झाकले, तरी जबाबदारी झाकत नाही

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)





आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो तुमच्यापैकी प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाईलवर बातमी उघडली, की तिच्याखाली वाचकांच्या प्रतिक्रिया असतात. बातमी दहा ओळींची आणि प्रतिक्रिया दोनशे. त्यांत काही शहाणपणाच्या असतात. पण पुष्कळशा अशा, की त्या लिहिणाऱ्याने समोर उभे राहून उच्चारण्याची हिंमत केली नसती. लिहिणाऱ्याचे नाव पाहावे, तर ‘वादळ’, ‘शेर’ किंवा नुसते चार आकडे. मग साहजिकच कोणी म्हणतो, ‘खऱ्या नावाशिवाय कोणाला लिहूच देऊ नये, म्हणजे ही घाण आपोआप थांबेल.’ हे खरे आहे काय? आज एवढ्याच प्रश्नाचा विचार आपण करू.

आधी जुन्या प्रथेकडे पाहू. वर्तमानपत्रांत ‘वाचकांचा पत्रव्यवहार’ हे सदर असे. त्यात ‘एक पालक’, ‘एक त्रस्त नागरिक’ अशा सहीची पत्रे छापून येत. परंतु संपादकांचा दंडक असे, की पत्रलेखकाने आपले नाव व पत्ता आम्हांला कळवलाच पाहिजे. छापू नये असे म्हटले, तर आम्ही छापणार नाही. म्हणजे नाव जगापासून झाकलेले, पण एका जबाबदार माणसाला ठाऊक. शिवाय १८६७ च्या कायद्याने वर्तमानपत्रावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापणे बंधनकारक होते. पत्र निनावी असले, तरी ते छापणारा निनावी नव्हता. आज बदलले आहे ते हेच. प्रतिक्रिया क्षणात प्रसिद्ध होते आणि पुष्कळदा तिच्यामागे ‘हे मी तपासले’ असे म्हणणारा कोणीच नसतो.

आपल्या परंपरेत नावाला किती महत्त्व आहे, हे तुम्ही जाणता. हदीसच्या विद्वानांनी ‘काय सांगितले’ याबरोबरच ‘कोणी, कोणाकडून ऐकून सांगितले’ हे विचारले. या साखळीला ‘इस्नाद’ म्हणतात. कथन करणाऱ्यांची चरित्रे, त्यांची स्मरणशक्ती, त्यांचा प्रामाणिकपणा तपासणारे ‘अस्मा-उर-रिजाल’ नावाचे एक स्वतंत्र शास्त्रच त्यातून उभे राहिले. साखळीतला एखादा दुवा ‘मजहूल’, म्हणजे अज्ञात, निघाला, तर ते कथन दुबळे ठरते. मग त्यातील मजकूर कितीही गोड असो. आलेल्या बातमीची शहानिशा करा, एकमेकांना वाईट नावे ठेवू नका, पाठीमागे निंदा करू नका, ही शिकवण कुरआनातील सूरह हुजुरात या एकाच सूरहमध्ये शेजारी शेजारी येते. ही माणसे आज असती, तर ‘असे कळते’ म्हणून मोबाईलवर आलेला एकही संदेश त्यांनी पुढे पाठवला नसता.

मग निनावीपणा वाईटच, असा निष्कर्ष काढायचा का? थांबा. दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे.

मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या सहीने पत्रे येऊ लागली. ती पुढे ‘शतपत्रे’ म्हणून प्रसिद्ध झाली. लेखक होते गोपाळ हरि देशमुख. ते सरकारी नोकरीत होते आणि टीका करत होते ती आपल्याच समाजातील रूढींवर. टोपणनावाने त्यांना बोलण्याची मोकळीक दिली आणि मराठी समाजाला आत्मपरीक्षणाचा एक मोठा ग्रंथ मिळाला.

आता मुलींनी विशेष लक्ष द्यावे. ज्या काळात प्रतिष्ठित घरातील स्त्रीचे नाव छापून येणे हीच बेअब्रू मानली जाई, त्या काळात अलीगढ परिसरातील शेरवानी घराण्यातील एक मुलगी उर्दू नियतकालिकांत कविता लिहीत होती. सही असे फक्त तीन अक्षरांची: ‘ज़े, ख़े, शीन’. ती होती जाहिदा खातून शेरवानिया. १८९४ साली तिचा जन्म झाला आणि १९२२ साली, ऐन तारुण्यात, ती वारली. त्या काळी ‘अमक्याची मुलगी’, ‘तमक्याची पत्नी’ अशा सहीनेही कितीतरी मुस्लिम स्त्रियांनी लिहिले. ‘खरे नाव द्या, नाहीतर लिहू नका’ असा नियम असता, तर त्यांच्यापैकी कितीजणी लिहित्या झाल्या असत्या?

म्हणजे पडदा तोच. त्याच्याआडून कोणी दगड मारतो, तर कोणी मनातले दुःख बोलतो. कायद्याने पडदाच फाडला तर काय होते? हा प्रयोग एका देशाने खरोखरच करून पाहिला. तो देश म्हणजे दक्षिण कोरिया.

तेथे २००७ साली कायदा झाला, की ज्या मोठ्या संकेतस्थळांना रोज काही लाख लोक भेट देतात, तेथे प्रतिक्रिया लिहिण्यापूर्वी आपली खरी ओळख पटवून द्यावी. वृत्तसंस्थळेही त्यात आली. पुढे २००९ मध्ये ही मर्यादा रोज एक लाख भेटींपर्यंत खाली आणली गेली. टोपणनाव दाखवायला मुभा होती. पण ओळख संकेतस्थळाकडे नोंदलेली असे. म्हणजे आपल्या जुन्या संपादकाचीच पद्धत, पण देशभर आणि सक्तीने. परिणाम काय झाला? कायदा लागू असतानाच, २००८ मध्ये, एका लोकप्रिय अभिनेत्रीविषयी जालावर अफवांचे रान उठले आणि तिच्या आत्महत्येने सारा देश हादरला. जुलै २०११ मध्ये दोन मोठ्या संकेतस्थळांवर चोरी झाली आणि सुमारे साडेतीन कोटी खात्यांची माहिती बाहेर गेली. त्या देशाची लोकसंख्याच तेव्हा पाच कोटींच्या आसपास होती! अखेर २३ ऑगस्ट २०१२ रोजी तेथील घटना न्यायालयाने एकमताने हा कायदा रद्द केला. कायद्यामुळे बेकायदा मजकूर लक्षणीय घटला असे दिसत नाही, लोक परदेशी संकेतस्थळांकडे वळले आणि प्रामाणिक नागरिकाचे बोलणे मात्र आखडले, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. निवडणुकीच्या काळात वृत्तसंस्थळांवर लिहिण्यासाठी ओळखीची वेगळी सक्ती होती, तीही २०२१ च्या जानेवारीत रद्द झाली.

यातून दोन धडे मिळतात. पहिला असा, की शिवीगाळ करणारा मनुष्य नाव दिल्याने सभ्य होत नाही. आपल्या ओळखीचे किती लोक स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोटोसह विष ओकतात, ते आठवा. दुसरा असा, की संपादकाच्या खणात पाच-पन्नास नावे असणे वेगळे आणि एका कंपनीच्या कोठारात कोट्यवधी लोकांचे ओळख क्रमांक साठणे वेगळे. खण सांभाळणारा माणूस असतो. कोठाराला चोर लागतात.

त्याच देशातील ‘नेव्हर’ या मोठ्या संकेतस्थळाने पुढे वेगळा उपाय केला. २०२० मध्ये त्याने करमणुकीच्या बातम्यांखालील प्रतिक्रिया बंद केल्या आणि इतर बातम्यांखाली लिहिणाऱ्याने पूर्वी काय काय लिहिले, ते सर्वांना दिसेल अशी सोय केली. नाव झाकलेले, पण वागणुकीचा पाढा उघडा. मला यात अधिक शहाणपण वाटते.

आता आपल्या घराकडे येऊ. १ जानेवारी २०२२ रोजी, नववर्षाच्या पहिल्याच दिवशी, एका अॅपवर आपल्या देशातील अनेक मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’साठी लावलेले आढळले. त्यापूर्वी जुलै २०२१ मध्येही असाच नीच प्रकार घडला होता. या स्त्रिया कोण होत्या? पत्रकार, कार्यकर्त्या, उघडपणे मत मांडणाऱ्या सुशिक्षित स्त्रिया. त्या स्वतःच्या नावाने बोलत होत्या, म्हणूनच त्या सापडल्या. आणि करणारे? ते खोट्या नावांआड होते; दुसऱ्याच एका समाजावर संशय जावा अशी शीख वळणाची नावे त्यांनी वापरल्याचे पोलिसांनी सांगितले. परंतु मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने काही दिवसांतच माग काढून अटका केल्या. पकडलेल्यांत अठरा ते एकवीस वर्षांची, शिकण्याच्या वयाची मुले होती. विद्यार्थी मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा. जालावरचा बुरखा शेजाऱ्यापासून लपवतो, तपास करणाऱ्या पोलिसापासून सहसा लपवू शकत नाही.

याच्या उलट उदाहरण २०१२ च्या नोव्हेंबरमधील. आपल्याच पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. एकीने मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर साधे मत लिहिले होते आणि दुसरीने त्याला पसंती दिली होती. दोघींनी नाव लपवले नव्हते. एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोडही झाली. ज्या ‘कलम ६६-अ’चा त्यात वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. पण तोवर त्या मुलींनी जे सोसायचे ते सोसले होते. म्हणून ‘सगळ्यांनी खरे नाव द्यावे’ हा नियम बलवानाला स्वस्त आणि दुबळ्याला महाग पडतो.

मग आपण काय करावे? मी तीन प्रश्न सुचवतो. लिहिण्यापूर्वी ते स्वतःला विचारा.

पहिला : मी बातमी सांगतो आहे काय? ‘मी पाहिले’, ‘असे घडले’ ही साक्ष आहे, आणि साक्षीला साक्षीदार लागतो. तेथे नाव नाही, तर किंमत नाही. निनावी बातमीवर विश्वास ठेवू नका आणि ती पुढे ढकलू नका.

दुसरा : मी मत मांडतो आहे काय? मताला नावापेक्षा कारण लागते. कारण पटण्याजोगे असेल, तर ते टोपणनावानेही उभे राहते. टोपणनाव घ्या, पण एकच घ्या आणि त्याची अब्रू आपल्या खऱ्या नावाइतकी जपा.

तिसरा : मी एखाद्या माणसावर आरोप करतो आहे काय? तर तो प्रतिक्रियेत करूच नका. जेथे चौकशी होऊ शकते, तेथे तक्रार करा. कायद्यानेही हीच वाट दाखवली आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यात पीडित बालकाची ओळख वर्तमानपत्रांत देण्यास मनाई आहे. पण तपास करणाऱ्याला ती ठाऊक असते. दुबळ्याला पडदा आणि सत्याला वाट, दोन्ही त्यात आहेत.

पालकांना एवढेच सांगेन, की मुलगा टोपणनावाने लिहितो म्हणून घाबरू नका. तो काय लिहितो ते विचारा. आणि मुलीला कोणी जालावर त्रास दिला, तर तिचा मोबाईल काढून घेऊ नका. ती शिक्षा तिला होते, गुन्हेगाराला नाही. मजकूर पुसू नका, त्याचे फोटो काढून ठेवा आणि तिच्यासोबत सायबर पोलिसांकडे जा. शिक्षकांनीही मुलांना असे एक दार उघडे ठेवावे, की जेथे नाव सांगितले तर ते चारचौघांत फुटणार नाही.

उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असे गुप्त दान आपल्याकडे श्रेष्ठ मानले आहे. म्हणजे नाव झाकण्यात पाप नाही. नाव झाकून आपण देतो काय, यावर सारे अवलंबून आहे. जो लिहितो त्याला वाचक ओळखत नसेल. पण लिहिणारा स्वतःला ओळखतो आणि ज्याच्यापुढे एक दिवस जाब द्यायचा, तोही ओळखतो.

अल्लाह आपल्या मुलांच्या लेखणीला सत्याची आणि संयमाची जोड देवो. 

खुदा हाफिज. जय हिंद.